येताना, जाताना

“हाउसबोट नको,” त्रेस्याम्मा म्हणाल्या. “त्याच पाण्यातून रडत रडत होडीनं शाळेत जायचे मी. आता हौसेनं कोण बसतंय त्यात?”

टिन्सीनं लॅपटॉपवरच्या यादीतून हाउसबोट पुसली. कथकली आधीच बाद झाली होती, कारण त्रेस्याम्मांना तिथे झोप लागते. आलप्पुळाच्या किनाऱ्यावरचं हॉटेल बाद झालं, कारण सख्ख्या भावाचं घर असताना हॉटेलात उतरलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. आणि भावाच्या घराचं नाव काढलं की त्या चहा टाकायला उठत. केरळची सहल ठरतेय की मोडतेय, काही कळायला मार्ग नव्हता.

“मम्मी, मला तुझं गाव तुझ्याबरोबर बघायचंय. लहानपणचं काही आठवत नाही मला. तुला यायचंय की नाही, एकदाचं सांग.”

“यायचंय ना. येताना चॉकलेटं घ्यायची, पोरं वाट बघत असतात. आणि जाताना कैरीचं लोणचं, सुकी मासळी...”

टिन्सीला हसू आलं. ही आईची जुनी चूक. नर्सची नोकरी करून बाईंनी अर्धं आयुष्य आयर्लंडच्या कॉर्क शहरात काढलं, पण बोलताना त्या कायम तिकडेच उभ्या. केरळला निघायचं ते ‘येताना’ आणि आयर्लंडला परतायचं ते ‘जाताना’.

“मग घोडं अडलंय कुठे?”

त्रेस्याम्मांनी कप खाली ठेवला. “त्या प्रश्नावर. विमानतळावरचा टॅक्सीवाला सुरुवात करतो. मग मासेवाली, मग फादर, मग माझा सख्खा भाऊ. ‘कधी आलीस?’ आणि लगेच, ‘परत कधी जाणार?’ अरे, पाणी तरी पिऊ द्या! गेल्या खेपेला अम्मच्चीच्या, माझ्या आईच्या, मातीला गेले, तर तिथे कबरीपाशी विचारलं एकानं.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “मी आता तिथली नाही, हे दर खेपेला नव्यानं ऐकायचं. नाही सोसत गं मला.”

“अगं, बोलायची पद्धत आहे ती. इथले लोक पावसाबद्दल बोलतात ना, तशी.”

“पद्धत आहे तर तिथे भावाच्या शेजारी राहणाऱ्या मेरीला का नाही कोणी विचारत?”

टिन्सीला एक उपाय सुचला. तिनं औसेपमामांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“मामा, आम्ही आलो की मम्मीला एक गोष्ट विचारायची नाही. परत कधी जाणार, हे.”

“छे छे! कोण विचारतंय!” मामा दुखावले. “घर तिचंच आहे. वरची खोली रंगवून घेतो, हवं तितकं राहा.” जरा थांबून त्यांनी अगदी मोकळ्या मनानं विचारलं, “म्हणजे परत कधी जाणार?”

टिन्सी पोट धरून हसली. त्रेस्याम्माही हसल्या, पण हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, “राहू दे गं पोरी, मोळे. तू मैत्रिणींबरोबर जा.”

तेवढ्यात मागच्या दारानं नोरीन आत आली. शेजारीण. ही बाई दार वाजवते खरी, पण ‘ये’ म्हणेपर्यंत थांबत नाही. ‘त्रेस्याम्मा’ तिच्या तोंडात कधी मावलं नाही, म्हणून तिनं फार पूर्वीच त्याचं ‘ट्रीसा’ करून टाकलं होतं.

“उन्हाच्या देशात निघालात म्हणे तुम्ही! मग हे मी नेते,” असं म्हणत तिनं खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी उचलली. कॉर्कच्या थंडीत ते झाड त्रेस्याम्मांनी काचेआड तान्ह्या पोरासारखं जपलं होतं.

“अजून काही ठरलं नाही,” त्रेस्याम्मा म्हणाल्या.

“मग ठरव की लवकर. घरी कधी येणार तू?”

“काय म्हणालीस?”

“घरी कधी येणार, म्हटलं! कान गेले की काय, ट्रीसा? हे झाड मेलं तर तू मला जिवंत सोडणार नाहीस, म्हणून तारीख हवी. आणि तू नसलीस की बिंगो खेळताना माझ्याशी भांडायलाही कोणी नसतं.”

कुंडी पोटाशी धरून ती आली तशी निघून गेली. खिडकीत कुंडीचा गोल डाग तेवढा राहिला. त्रेस्याम्मा त्याच्याकडे बघत बसल्या.

मग त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

“काढ तिकिटं. भावाकडेच उतरू. विचारू दे त्याला काय विचारायचं ते, मी तारीख सांगेन.”

“खरंच? आणि चॉकलेटं?”

“ती जाताना घेऊ,” त्रेस्याम्मा म्हणाल्या. “आणि येताना नोरीनसाठी लोणचं आणू.”