लळा लावायची रीत

पोरगी पडद्याआड शिरली ती बाहेर यायचं नाव घेईना. पडद्याखालून तिची पावलं तेवढी दिसत होती.

"अगं, लपतेस काय? ही फोनमधली आई," धाकटी पडदा ओढत म्हणाली. "बोलतेस ना तिच्याशी?"

"फोनमधली आई एवढीशी असते." पडद्यातून एक हात बाहेर आला, दोन बोटांत माप दाखवून परत आत गेला. "ही नाही. आई, हिला जायला सांग ना."

ही दुसरी 'आई' म्हणजे धाकटी. तिचा चेहरा खर्रकन उतरला. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीकडे तिला बघवेना.

"मी नाही गं शिकवलं तिला. शेजारची पोरं आपापल्या आयांना हाका मारतात, ते ऐकून ही मला म्हणायला लागली. कितीदा सांगितलं..."

"असू दे," थोरली म्हणाली. "हाक मारायला समोर कुणीतरी लागतंच."

पोर रांगत होतं तेव्हा थोरली परदेशात घरकामाला, लोकांची पोरं सांभाळायला गेली. आता कुठे आठ दिवसांची रजा मिळाली होती. तेवढ्यात पोरीने एकदा आपणहून मांडीवर येऊन बसावं, एवढंच तिला हवं होतं. विमानात बसल्यापासून दुसरं काही मनात आलं नव्हतं.

धाकटीने पोरीचं मनगट धरलं तशी थोरली म्हणाली, "ओढू नकोस. ओढलेलं पोर रात्रीपर्यंत येत नाही. तू तुझं काम कर. आणि ते वाळलेले कपडे दे इकडे."

"आल्या आल्या कपडे? बस तरी घटकाभर. आणि हात काय झालेत गं तुझे! बरी आहेस ना तिकडे?"

"मजेत," थोरली म्हणाली. फोनवरही ती हेच म्हणायची. फोनवर हात दिसत नसत, एवढंच.

ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. पडद्याकडे तिने पाठच केली. यातलं तिला सगळं माहीत होतं. नव्या घरात पाऊल टाकलं की पोराकडे बघायचं नाही. हात पसरायचे नाहीत, लाडीगोडी लावायची नाही. पोरापेक्षा खाली बसायचं आणि हाताला काहीतरी काम घ्यायचं. याच रीतीने तिने किती परक्या पोरांना माणसात आणलं होतं. चावणारी आणली होती, थुंकणारी आणली होती. तिच्यासोबत काम करणाऱ्या बायका थट्टेने म्हणायच्या, हिच्याकडे भूल घालायचं औषध आहे. औषध कसलं? घाई करायची नाही, एवढंच.

आज मात्र घाई न करताना तिचा जीव जात होता.

तिने एक छोटा मोजा उचलला. ढिगात हात घालून उगाच शोधल्यासारखं केलं.

"काय रे, एकटाच?" ती मोज्याला म्हणाली. "भाऊ कुठे गेला तुझा?"

पडदा हलला नाही.

"बोलत नाहीस? भांडलात वाटतं. मग राहा थंडीत कुडकुडत."

पडद्यात खुदकन आवाज झाला. थोरलीने मान वळवली नाही. ती टॉवेलाची घडी करत राहिली, ती मोडून पुन्हा करत राहिली.

"तो पलंगाखाली गेलाय," पडदा म्हणाला.

"कोण?"

"त्याचा भाऊ."

"मग आता आणणार कोण त्याला? मी तर एवढी मोठी. पलंगाखाली मावतेय थोडीच!"

पावलं धावली. धूळ माखलेला मोजा आला. मग चुरगळलेला फ्रॉक आला, "याची पण कर घडी." मग बाहुलीचा फ्रॉक. मग थोरलीच्या खांद्यावर एक कोपर टेकलं. आणि शेवटी, पंख्याचं बटण दाबावं इतक्या सहज, पोरगी तिच्या मांडीवर येऊन बसली. पाय पसरून, सगळा भार टाकून.

पोरीच्या केसांना उन्हाचा वास येत होता. तिला घट्ट कवटाळावं असं थोरलीला फार वाटलं, पण पोरं त्यानेच बिचकतात. ती मोजे गुंडाळत राहिली. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी ओला हात तोंडावर दाबून उभी होती. दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि दोघींचेही डोळे भरून आले.

"आई," पोरगी दाराकडे बघून म्हणाली.

"काय गं?"

"हिला ठेवून घे ना आपल्याकडे. छान काम करते ही. मला आवडली."

धाकटीच्या तोंडचं पाणीच पळालं. ती पुढे आली. "अगं वेडे, असं म्हणतात का? ही कामाला नाही आलेली. ही तुझी..."

मांडीवरचा भार एकदम हलका झाला. पोरीने अंग आखडून घेतलं होतं. धाकटीने आवाज चढवलेला ऐकून ती पडद्याकडे बघायला लागली होती.

थोरलीने मान हलवून बहिणीला गप्प केलं. डोळे पुसले नाहीत, पुसायला हात रिकामे नव्हते. मग आजवर कितीतरी परक्या दारांत उभं राहून म्हटलेलं वाक्य ती आपल्या सख्ख्या धाकट्या बहिणीला म्हणाली, अगदी त्याच मऊ आवाजात.

"घ्या ना ठेवून, बाई. पोरं माझ्याकडे छान राहतात."