झिजलेला अंगठा

औषधाच्या दुकानातल्या ठसे तपासायच्या यंत्राने तिसऱ्यांदा लाल दिवा दाखवला.

"अंगठा शर्टाला पूस," औषधवाली म्हणाली. आदेमारने पुसला. पुन्हा लालच. महिनाभर मेंढ्या कातरून अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

"मेंढीचाच लावून बघ!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"ठशाशिवाय गांज्याची पुडी देता येत नाही, सरकारी नियम आहे. नाव नोंदवलंस त्या पोस्टात जाऊन दुसरं बोट नोंदव," औषधवाली म्हणाली. "पण आज शनिवार, आता बारा वाजत आलेत. पोस्ट बंद होईल, ते सोमवारीच उघडेल."

आदेमारने काचेतून बाहेर पाहिलं. समोरच्या कोपऱ्यावर मोटारसायकलवर बसून चोरून गांजा विकणाऱ्या माणसाने त्याला हात केला.

"तिकडे अंगठा लागतो का रे?"

आदेमार दचकला. मागे एल्सिराबाई उभ्या होत्या, हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन. चौथीत त्यांनीच त्याला शिकवलं होतं. नेमकं आज, ह्या रांगेत त्यांनी पाहावं!

"नाही, बाई," तो खाली बघत म्हणाला. "तिकडे वयसुद्धा विचारत नाहीत. गांज्यात काय मिसळलंय ते सांगत नाहीत. आणि वर पेस्टची पुडी फुकट देतात."

"पेस्ट म्हणजे?"

"कोकेनचा गाळ. गेल्या हिवाळ्यात ओढला. तीन महिने आईलाही ओळखत नव्हतो. म्हणून तर इथे आलो."

गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये टाकून बाईंनी त्याचं मनगट धरलं, शाळेत धरायच्या तसंच. "चल."

पोस्टात विल्मार शटर ओढत होता. तोही बाईंचाच विद्यार्थी.

"विल्मार, शटर वर कर. ह्याचं दुसरं बोट नोंदवायचंय. गांज्यासाठी."

विल्मारचा हात शटरवरच थांबला. "पण बाई, मार्चमध्ये दारोदार फिरून सह्या कुणी गोळा केल्या? औषधाच्या दुकानात गांजा नको म्हणून? सहाशे सह्यांचं ते पाकीट मीच राजधानीला, मोंटेविडेओला सरकारकडे पाठवलं!"

आदेमारने आपलं मनगट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. बाईंनी ते आणखी घट्ट धरलं.

"मीच केल्या," त्या म्हणाल्या. "चूक सापडली की खोडायची आणि पुन्हा लिहायचं, असंच शिकवलं ना तुम्हाला? यंत्र लाव."