लिहिण्याची परवानगी नाही

बायको जाऊन बावीस दिवस झाले, त्या दिवशी कळलं की तिने शेवटी लिहिलेलं काहीच उरलेलं नाही. ते वाचायला मुलगी मुद्दाम आली होती. त्याने संगणक सुरू केला, ‘लेकीसाठी’ नावाची फाईल उघडली आणि मजकूर खाली सरकवत नेला. शेवटची नोंद चौदा तारखेची होती. त्यानंतर ती एकसष्ट दिवस जगली होती.

“पण आई रोज लिहायची,” मुलगी म्हणाली. “मी राहायला आले होते तेव्हा बघितलंय ना. दुपारी पाठीशी उशी घेऊन बसायची.”

त्याने फाईलची माहिती काढून पाहिली. फाईल वाचता येत होती, लिहायला मात्र कुलूप होतं. ते त्यानेच घातलं होतं, चौदा तारखेच्या संध्याकाळी. फाईलची एक प्रत काढून त्या प्रतीला कुलूप घालायचं होतं, म्हणजे काही पुसलं गेलं तरी ती शाबूत राहिली असती. घातलं गेलं मूळ फाईलला.

लिहायचा छोटा प्रोग्रॅमही त्याचाच होता, सी या संगणकाच्या भाषेतला. तिला मोठी अक्षरं हवी होती आणि बाकी बटणांची कटकट नको होती. लिहून झाल्यावर मजकूर साठवायला फाईल उघडली नाही, तर पडद्यावर एकच शब्द यायचा: ‘चूक’. कामावर तो नव्या माणसांना घोकून घोकून सांगायचा, कुठली फाईल, तिचं काय करायचं होतं आणि का जमलं नाही, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय संदेश लिहू नका. घरी त्याने हातासरशी एक शब्द टाकला होता. वापरणारी एकटीच, अडलं तर हाक मारेल.

तिने मारली होती. “अहो, हे चूक म्हणतंय.” त्याने पेपरातून मान वर न काढता म्हटलं होतं, “मग नीट बघून लिही ना.” हे त्याने मुलीला सांगितलं नाही; कुलूप आणि ‘चूक’, एवढंच सांगितलं.

“म्हणून फोन करायची ती!” मुलगी एकदम म्हणाली.

“कुणाला?”

“मला. भीतीच्या ‘भ’ला पहिली वेलांटी की दुसरी, विचारायची. मी म्हटलं, शब्दकोडी सोडवतेस का गं? तर म्हणाली, कसली कोडी, हे मेलं रोज माझी चूक काढतंय. शाळेतल्या बाईंनीसुद्धा इतकं छळलं नव्हतं.”

त्याला हसू फुटलं. मग ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

“म्हणजे तिला वाटलं, शुद्धलेखन...”

“दुसरं काय वाटणार, बाबा?”

त्याने जवळचा कागद ओढला. “कुठले कुठले शब्द विचारले होते? आठवून सांग.”

“भीती. जिना. मूठ... उशीर. आणि एकदा ‘मागितली’.”

“काय मागितली?”

“ते नाही बोलली.”

त्याने पाच शब्द एकाखाली एक लिहिले आणि पेन हातात धरून थांबला.

“नाही हो बाबा, एवढेच,” मुलगी म्हणाली. “मी वैतागले एकदा. म्हटलं, आई, लिही कसंही, वाचायचंय कुणाला? त्यानंतर तिने विचारलंच नाही.”

मग मुलगी चहा टाकायला उठली आणि त्याने प्रोग्रॅम उघडला.

‘चूक’ खोडायला एक क्षण पुरला. त्या जागी त्याने आधी, फाईल का उघडली नाही याचं यंत्राने दिलेलं कारण उचलून बाजूला ठेवलं. ते ताबडतोब उचलावं लागतं. मध्ये दुसरं काही काम केलं, की यंत्र ते विसरून भलतंच कारण सांगतं. मग फाईलचं नाव घातलं आणि पुढे काय करायचं तेही. फाईलचं कुलूप त्याने मुद्दाम तसंच ठेवलं, प्रोग्रॅम चालवला आणि तिच्यासारखी एक ओळ टाइप केली. पडद्यावर आलं:

‘लेकीसाठी’ या फाईलमध्ये लिहिता आलं नाही. कारण: लिहिण्याची परवानगी नाही. तुमच्या मजकुरात काही चुकलेलं नाही. कुलूप काढायला सांगा.

मुलगी कप घेऊन मागे उभी होती. तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“आता यात कोण लिहिणार आहे, बाबा?”

त्याने तिच्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला.

“आणि आत्ता तुम्ही लिहिलंत ते कुठे गेलं?”

“गेलं,” तो म्हणाला.

फाईल उघडली नाही, तर लिहिलेलं दुसरीकडे जपून ठेवायचं, तो भाग अजून लिहायचा राहिला होता.