काळा पत्ता

"मास्तर, तुमचा हा पत्त्यांचा खेळ झकास आहे, पण हा ‘नामशेष’ लिहिलेला काळा पत्ता काढा, तरच छापतो," प्रकाशक म्हणाले. "तो आला की प्राणी बाद होतो आणि माझ्या मुली भोकाड पसरतात." प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी दात-ओठ खात पत्ता खिशात घातला. प्रकाशकांनी लगेच दोन्ही मुलींना ऑफिसातच खेळायला बसवलं. आता मरत कुणीच नव्हतं, नुसती उत्क्रांती चालली होती. माशाला पाय फुटले, पायांना पंजे, पंजांना पिसं. टेबल भरलं, पत्ते खुर्चीवर आले, प्रकाशक उठून उभे राहिले. जेवायची वेळ टळली, तरी कुणी हरेना की जिंकेना. "बाबा, पाय उचला, डायनोसॉरला जागा हवीय!" धाकटी खेकसली. भिंतीला चिकटलेल्या प्रकाशकांनी मास्तरांपुढे हात पसरला. "द्या तो काळा पत्ता." "मुली रडतील हो." "रडू देत! मला बसायचंय!"