अर्धा ठोका मागे

"लेना अर्धा ठोका मागे आहे," अंकुर मराठीत म्हणाला, शेजारीच बसलेल्या लेनाला कळू नये म्हणून. "अख्ख्या अल्बमभर. यार, एवढी मोठी सिंगर आणि बँडच्या मागून धावतेय. सरळ करून टाक."

शरयूलाही ते सकाळपासून खटकत होतं. सनीव्हेलमधला हा स्टुडिओ अंकुरचा, पण या लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग शरयूकडे होतं. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. कव्हरवर नाव येणार होतं, आणि असला ढोबळ दोष राहिला तर ते नाव भलत्याच कारणासाठी गाजलं असतं. मास्टर, म्हणजे अल्बमची अंतिम प्रत, आज संध्याकाळीच पाठवायचं होतं.

"लेना मॅडम," ती इंग्रजीत म्हणाली, "तुमचा आवाज थोडा पुढे सरकवते. माइकही भिकार होता, आवाज पातळ आलाय. तेही सुधारते."

"दोन्ही नको," लेना शांतपणे म्हणाली. "हात लावलास तर मी अल्बम काढणार नाही."

शरयूने माउसवरचा हात काढून घेतला.

लेनाचा डोंगराळ, चिमुकला देश गेल्या वर्षी स्वतंत्र झाला. जुन्या राजवटीने तिची गाणी बंद करून तिला हाकललं, तेव्हापासून ती इथेच, शरयूसारखीच ग्रीन कार्डच्या रांगेत. स्वातंत्र्य मिळालं त्याच आठवड्यात राजधानीच्या चौकात तिच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. त्याचा हा अल्बम.

"एवढी गर्दी, काय वाटलं तुम्हाला?" शरयूने विचारलं.

"मला कुणी दिसलंच नाही. नुसते ऐकू येत होते सगळे."

दिवे डोळ्यांवर असतील, असं शरयूने मनाशी म्हटलं.

"तू गातेस?" लेनाने विचारलं.

"छे. आमच्याकडे लग्नात मंगलाष्टकं म्हणतात, तेवढीच. धाकट्या बहिणीच्या लग्नात म्हटली, तीही फोनवरून. व्हिसाच्या भानगडीत जाता आलं नाही. तिकडे अक्षता पडल्या, हार घालून झाले, तरी माझं आपलं 'सावधान' चालूच."

लेना हसली, विनोदाच्या मानाने जरा जास्तच. मग डोळे पुसून म्हणाली, "शेवटचं गाणं लाव."

ज्या गाण्यापायी तिला देश सोडावा लागला होता, तेच हे गाणं. दुसऱ्या कडव्याला लेनाचा आवाज भरून आला आणि थांबला. बँडही थांबला. आणि मग सगळा चौक गायला लागला. म्हातारे, पोरंटोरं, बेसूर, सुरेल, सगळे एकदम. इतकी वर्षं दारं लावून गुणगुणलेलं गाणं ती माणसं आता घसा फोडून गात होती. शरयूने गर्दीचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. तिच्या अंगावर काटा आला. अंकुर कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही.

गाणं संपलं तरी जयजयकार संपेना.

"ठोक्याचं काय करू?" शरयूने हळूच विचारलं.

"राहू दे यार," अंकुर म्हणाला. "जिंकलेत ते."

मास्टर होतं तसं गेलं. लेनाने शरयूला घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात कव्हरचा फोटो ई-मेलने आला. शरयूने तो उघडला. चौक माणसांनी आणि झेंड्यांनी फुलून गेला होता. स्टेजवर बँड होता. मधोमध माइकचा स्टँड, त्याला चिकटपट्टीने बांधलेला टेलिफोनचा रिसीव्हर, आणि त्याच्यामागे कुणीच नव्हतं.