खांद्यावरचा भार

तिच्या कारखान्यात नाण्याएवढ्या चकत्या बनत. चकतीवर किती दाब पडतोय ते तारेशिवाय मोबाईलवर दिसे, आणि एवढ्याशा सेलवर ती वर्षानुवर्षं चाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याचा खांदा दुखू लागला, तेव्हा हत्यारांच्या पिशवीचा भार बघायला तिने एक चकती त्याच्या कामाच्या शर्टात, खांद्यापाशी शिवली.

पिशवीचा भार बेताचाच निघाला. पण रोज जेवणाच्या सुट्टीत, पिशवी खाली ठेवलेली असताना, खांद्यावर हलका दाब यायचा आणि सुट्टी संपेपर्यंत टिकायचा. कुणी डोकं टेकवावं तसा.

तिचा नुसता जळफळाट झाला. कोण ही सटवी?

एका दुपारी ती थेट त्याच्या कामावर जाऊन धडकली. तो इमारतीमागच्या बाकावर एकटाच डबा खात होता. शेजारची जागा रिकामी होती. तरी खांदा तिकडे किंचित झुकवून, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने तो घास घेत होता.

"कोण बसतं रे इथे?" ती कडाडली.

"हळू बोल ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी माया तिने कधीच ऐकली नव्हती, आणि ती तिच्यासाठी नव्हती.

ती तणतणत त्या रिकाम्या जागी बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं दाबून ठेवलं. हातातल्या मोबाईलवर तोच रोजचा हलका दाब दिसत होता; तिच्या डोक्याने आकडा जराही हलला नाही.

त्याने हात उचलला. आता हा आपले केस कुरवाळणार, म्हणून तिने डोळे मिटले. काहीच झालं नाही, तेव्हा उघडले.

त्याची बोटं तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, हवेत, कुणाच्या तरी कपाळावरचे केस मागे सारत होती.