आधी कोणाला कळवायचं

"चूक तुमची, आणि पुरावा मी द्यायचा?" लेकीने हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीतलं टेबल दणकन वाजवलं.

काल तिचे वडील घरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनही उरकलं, आणि तिला कळलं आज सकाळी. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर वडिलांच्या नोंदीत 'आधी कोणाला कळवायचं' या रकान्यात तिने स्वतःचा नंबर स्वतःच्या हाताने भरला होता. तिथे आता वडिलांच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याचा नंबर होता. एकुलती एक मुलगी ढळढळीत जिवंत असताना ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, तर कुलूपवाल्याची.

तिला शेंडी लावणं सोपं नव्हतं. ती याच धंद्यातली. वेबसाइटवरून नोंद बदलताना स्क्रिप्टला, म्हणजे मागच्या प्रोग्रॅमला, सांगावं लागतं, कुणाची बदलायची. ती अट घालायची राहिली, की एकाचा नंबर सगळ्यांच्या बोकांडी बसतो.

"अट विसरलात तुम्ही. उघडा, मला बघायचंय."

कॉम्प्युटरवाल्याने घाम पुसत नोंदी तपासल्या. मग हळूच म्हणाला, "मॅडम, बाकी सगळ्यांचे नंबर जिथल्या तिथे आहेत. बदललीय ती एकच नोंद, तुमच्या वडिलांची. त्यांच्या मोबाइलवर कोड गेला होता, तो टाकूनच बदल झालाय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांना टीव्हीचा रिमोट धड जमत नव्हता, ते कसले कोड टाकतायत. म्हाताऱ्याचा मोबाइल हातात घेऊन कुलूपवाल्यानेच डाव साधला होता. आज नंबर, उद्या घर. लोकांची दारं उघडणाऱ्याला असल्या कामाची काय लाज.

ती तरातरा वॉर्डात गेली. कुलूपवाला वडिलांच्या उशाशी बसून पेल्यात पाणी ओतत होता.

"उठा आधी तिथून. बाबांच्या मोबाइलला हात कसा लावलात तुम्ही?"

त्याने निमूट पेला खाली ठेवला आणि बाजूला झाला.

"त्याच्यावर कशाला डाफरतेस?" वडील म्हणाले. "नंबर मी बदलला. वाचनालयातल्या बाईंकडून शिकून घेतलं."

"तुम्ही? आणि मी काय मेले होते? पडलात तर आधी मला फोन करायचा, हे किती वेळा बजावलं होतं बाबा. पण ऐकाल तर शपथ. लोकांसमोर माझी शोभा झाली. डॉक्टर विचारतात, तुम्ही कोण? काय सांगायचं मी त्यांना?"

ती बोलतच सुटली. पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थांनी कूस बदलली, दारातली नर्स परत फिरली. वडिलांनी एकदाही तिला अडवलं नाही. शेवटी ती दम खायला थांबली.

"मागे न्हाणीघरात पडलो, तेव्हा आधी तुलाच फोन केला होता," ते म्हणाले. "तू अशीच रागावलीस. काठी का नाही घेतली, दिवा का नाही लावला. तुझं बोलून होईपर्यंत मी ओल्या फरशीवरच पडून होतो, बाळ."